सीएनसी लेथवर पहिला दिवस: बटण दाबण्याआधी काय समजून घ्यायचं?

चकचावी (धागाकर्ता)

गेल्या सोमवारी आमच्या शिरोलीच्या शॉपमध्ये एक नवा मुलगा कामाला लागला. आयटीआय टर्नर, गावाकडचा, हात चांगला. त्याला सोडायला वडील आले होते. सीएनसी लेथच्या (कॉम्प्युटर न्यूमेरिकल कंट्रोल, म्हणजे संगणकानं आकड्यांवर चालवलेला लेथ) काचेतून ते बराच वेळ आत बघत राहिले. टूल आपोआप पुढं गेलं, कुलंट सुरू झालं, दीड-दोन मिनिटांत जॉब (घडवायचा भाग) तयार. मला म्हणाले, "सगळं कॉम्प्युटरच करतोय की. मग पोरानं शिकायचं काय?"

तिथल्या तिथं मला धड उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावरही प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून त्या वडिलांसाठी, त्या मुलासाठी आणि या कामात येऊ पाहणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय.

लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवून टूलनं कापणारं मशीन. साध्या लेथवर टर्नर काय करतो? हँडल फिरवून टूल पुढं-मागं नेतो, डायलवर किती रेघा गेल्या ते बघतो, कापताना आवाज ऐकतो, कापून निघणाऱ्या चिपचा रंग बघतो. स्क्रू आणि नट यांच्यात ढिलेपणा असतो, म्हणून हँडल उलटं फिरवलं की थोडं फुकट फिरतं. तेवढं तो मनात धरून चालतो. सीएनसीमध्ये हे हँडल काढून त्या जागी सर्वो मोटर बसवलीय. मोटर बॉल स्क्रू फिरवते. या स्क्रूच्या आट्यांमधून पोलादी गोळ्या धावतात, त्यामुळं ढिलेपणा जवळजवळ राहत नाही. मोटरच्या शेपटाला एन्कोडर असतो, तो किती फिरलं हे मोजतो. कंट्रोलर अखंड विचारत असतो, "कुठं आहेस?" आणि हवी ती जागा व असलेली जागा यांत फरक दिसला की मोटरला दुरुस्त करतो. हिशेब ०.००१ मिमीचा, म्हणजे एका मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

लेथला दोन मुख्य अक्ष. जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलच्या रेषेत झेड आणि त्याला आडवा एक्स. एक्सचा आकडा व्यासाचा असतो हे पहिल्या दिवशीच डोक्यात बसवा. एक्स ३० वरून २५ केला तर टूल अडीच मिमीच सरकतं, व्यास मात्र पाचनं कमी होतो.

आता एक छोटा प्रोग्राम. ईएन-८ पोलादाचा ३२ मिमी बार आहे, फेस मारून (तोंड सपाट करून) झालाय, ४० मिमी लांबी २५.५ पर्यंत रफ (ओबडधोबड) केलीय. आता २५ वर फिनिश करायचंय, तोंडाला एक मिमीचा चॅम्फर (तिरकी कड). (पडद्यावर अक्षरं इंग्रजी असतात, इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलची पद्धत धरलीय.)

टी०१०१
जी५० एस२५००
जी९६ एस१८० एम०३
जी०० एक्स२३.० झेड२.० एम०८
जी०१ झेड०.० एफ०.१५
एक्स२५.० झेड-१.०
झेड-४०.०
एक्स३४.०
जी०० एक्स१००.० झेड१००.० एम०९
एम३०

एक नंबरचं टूल त्याच्या एक नंबरच्या ऑफसेटसह (टूलच्या जागेची नोंदलेली दुरुस्ती) घे. स्पिंडल २५०० आरपीएमच्या वर जाऊ देऊ नकोस. कापण्याचा वेग मिनिटाला १८० मीटर ठेवून स्पिंडल फिरव. जॉबच्या तोंडापाशी झटकन ये, कुलंट सोड. मग एका फेऱ्याला ०.१५ मिमी या फीडनं तोंडाला टेक, तिरकं जाऊन चॅम्फर मार, सरळ ४० मिमी काप, खांद्यावरून बाहेर निघ, लांब जा, थांब. जी०० म्हणजे न कापता पळणं, जी०१ म्हणजे सरळ रेषेत कापत जाणं. जी०२ आणि जी०३ या दोन गोलाया. एवढ्यावर साध्या कामांचा मोठा भाग निघतो. (टूलच्या टोकाच्या गोलाईमुळं चॅम्फर किंचित चुकतो, त्यासाठी जी४२ लावतात. ते पहिल्या दिवशी नको.)

कोड महिन्याभरात पाठ होतात. पण त्या ओळींत १८० कुठून आला? ०.१५ कुठून आला? ते मशीनला माहीत नाही. फीड आणि टूलच्या टोकाची त्रिज्या यांवर पृष्ठभागावरच्या चरांची खोली ठरते: फीडचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. ०.८ मिमी त्रिज्येच्या टिपनं (टूलवर बसवायचा कापणारा तुकडा) ०.१५ फीड दिला की साधारण साडेतीन मायक्रॉन. फीड दुप्पट केला तर चर चौपट खोल. ड्रॉइंगवर फिनिश काय मागितलंय ते वाचून फीड ठरवायचा, आणि ते माणूस ठरवतो. जॉब किती बाहेर ठेवायचा, चकचा (जॉब पकडणाऱ्या पंज्याचा) दाब किती, चिप लांब तारेसारखी येतेय की तुटून पडतेय, टिपची धार गेली की नाही, हे सगळं मशीनबाहेरच्या डोक्यात असावं लागतं. मशीन लिहिलेला आकडा पाळतं. तो आकडा खरा आहे का, हे त्या पोरानं शिकायचंय.

---

भोसरी_शॉप

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली.

पण थोडं वेगळं मत मांडतो. माझ्याकडे चार टर्निंग सेंटर आणि दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आहेत. हल्ली प्रोग्राम कॅम (ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरमधून येतो, टूल प्रीसेट करून मिळतं. ऑपरेटरनं जॉब लावायचा, दार लावायचं, सायकल स्टार्ट द्यायचा, जॉब काढायचा. त्याला फीडचा वर्ग शिकवून काय उपयोग? शिकला की सहा महिन्यांत शेजारचा गाळेवाला दोन हजार जास्त देऊन घेऊन जातो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, लहान शॉपवाल्याचं रोजचं दुखणं आहे.

---

चकचावी

दुखणं खरं आहे, माझंही आहे. तरी शिकवा. कॅमनं काढलेला प्रोग्राम तुमच्या मशीनवर, तुमच्या चकवर, आज आलेल्या बारवर चालतो. बार थोडा कडक आला, तर कर्कश आवाज सर्वांत आधी दारापाशी उभ्या माणसाला ऐकू येतो. त्याला अर्थ कळला तर तो फीड होल्ड (टूल जागीच थांबवायचं बटण) दाबेल. नाही कळला तर टिप फुटेल, पुढच्या पाच जॉबवर ओरखडे येतील आणि ते तुम्हाला संध्याकाळी समजेल.

---

मृणाल_डिप्लोमा

दादा, मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन प्रश्न.

१. जी९६ मध्ये वेग सारखा ठेवायचा म्हणता, मग जी५० नं आरपीएम का अडवायचं?
२. तुम्ही प्रत्येक आकड्यापुढे '.०' का लिहिलंय? आमच्या लॅबमधल्या सिम्युलेटरमध्ये नुसतं २५ लिहिलं तरी चालतं.

---

चकचावी

दोन्ही प्रश्न नेमके जिथं अपघात होतात तिथले आहेत, म्हणून सावकाश सांगतो.

पहिला. कापण्याचा वेग म्हणजे धारेसमोरून मिनिटाला किती मीटर धातू जातो. सूत्र तुम्हाला माहीत आहे: पाय (π) गुणिले व्यास गुणिले आरपीएम, भागिले हजार. १८० मीटरसाठी २५ मिमी व्यासावर सुमारे २२९० आरपीएम लागतात. १० मिमीवर ५७३०. फेसिंग करत मधोमध पोचलात की व्यास शून्याकडे जातो आणि हिशेबानं आरपीएम अमर्याद. कंट्रोलर बिचारा सांगितलेलं पाळणार, स्पिंडल त्याच्या कमाल वेगापर्यंत चढवणार. चकचे जॉ (पकडणारे जबडे) फिरताना बाहेर ओढले जातात, म्हणून वेग वाढला की बाहेरून धरलेल्या जॉबवरची पकड कमी होते. ८० मिमी व्यासावर कापताना नीट धरलेला जॉब तिथं सुटू शकतो. स्पिंडलच्या मागून बार बाहेर लोंबत असेल तर तो वाकून चाबकासारखा फिरतो. त्या माऱ्यात कुणी उभं असेल तर काय होईल ते लिहवत नाही. जी९६ लिहिलात की त्याआधी जी५० हवाच.

दुसरा प्रश्न माझ्या अंगावर बेतलेला आहे. मी एका कारखान्यात नाइट शिफ्टला सेटर होतो. प्रोग्रामच्या शेवटी टूल बाहेर काढायची ओळ घाईत लिहिली, 'जी०० एक्स१००', पॉइंट न देता. पॉइंट नसला की अनेक फॅनुक कंट्रोल आकडा सर्वांत लहान एककात, म्हणजे मायक्रॉनमध्ये वाचतात. माझा १०० मिमी झाला ०.१ मिमी. टूल बाहेर पळण्याऐवजी पूर्ण वेगानं जॉबच्या मध्याकडे घुसलं. होल्डर तुटला, जॉब जॉमधून उडून दारावर आदळला, टरेटचं (टूल बसवलेल्या फिरत्या डोक्याचं) अलाइनमेंट गेलं. मशीन तीन दिवस बंद. काच शाबूत राहिली म्हणून मी शाबूत राहिलो. काही मशीनवर पॅरामीटर बदलून नुसतं २५ म्हणजे २५ मिमी असं केलेलं असतं, तुमचा सिम्युलेटर तसा असणार. पण पुढच्या शॉपमधलं मशीन कसं आहे ते तुम्हाला माहीत नसणार. हाताला पॉइंटची सवय लावून घ्या.

नवा प्रोग्राम असेल तर सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड (न कापता पळण्याचा वेग) सर्वांत कमी, एक हात फीड होल्डवर, आणि प्रत्येक ओळीनंतर पडद्यावरचं 'अजून किती जायचंय' वाचायचं. टूल जॉबपासून ५ मिमीवर दिसतंय आणि पडदा ४० सांगतोय, तर तिथंच थांबा.

---

पॉलीटेक_सर

मृणालसाठी आणि सर्वांसाठी थोडा इतिहास, कारण 'आकड्यांनी मशीन चालवणं' ही कल्पना कारखान्याच्याच अडचणीतून आली आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी इथे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत असत. पात्याचा आडवा छेद म्हणजे वाहती वक्ररेषा. तो तपासायला टेम्प्लेट लागे. हातानं हिशेब करून वक्रावरचे थोडेच बिंदू काढायचे, ते जोडायचे आणि कानशीनं घासायचं, अशी रीत. पार्सन्सचे सहकारी फ्रँक स्ट्युलेन यांनी आयबीएमची पंचकार्ड गणनयंत्रं वापरून त्याच वक्रावरचे २०० बिंदू काढले. मग एक माणूस आकडे मोठ्यानं वाचणार, दुसरा एक हँडल फिरवणार, तिसरा दुसरं हँडल. दोघं आकड्यावर पोचले की कटर खाली. कल्पना करा, तीन माणसं मिळून एक सीएनसी झाली होती!

१९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलानं या कल्पनेसाठी पैसे दिले. पुढे काम एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम प्रयोगशाळेत गेलं आणि १९५२ मध्ये तिथे सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल मिलिंग मशीन छिद्रांच्या कागदी पट्टीवरून तीन अक्षांवर चालवून दाखवलं. नियंत्रणाचा भाग व्हॅक्यूम ट्यूबचा आणि रिलेचा, मशीनपेक्षाही जास्त जागा अडवणारा. पार्सन्स आणि स्ट्युलेन यांना पेटंट मिळायला १९५८ उजाडलं. तेव्हा त्याला नुसतं 'एनसी' म्हणत. नियंत्रणात खराखुरा संगणक बसला आणि आधी 'सी' लागला तो सत्तरच्या दशकात. फॅनुक १९७२ मध्ये फुजित्सूमधून वेगळी होऊन स्वतंत्र कंपनी झाली, ती याच काळात.

माझ्या मते पार्सन्स यांच्या शॉपमधला तो आकडे वाचणारा माणूस वर्गात शिकवायलाच हवा. प्रोग्राम म्हणजे काय हे मुलांना त्याच्यावरून पाच मिनिटांत कळतं.

---

जुना_टर्नर

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हरिहरच्या किर्लोस्कर लेथवर हात बसवला. नंतर सीएनसीवर एकवीस वर्षं. आता घरी असतो.

चकचावी, सगळं बरोबर. पण तुम्ही जॉब धरण्यावर एक ओळ लिहून पुढं गेलासा. माझ्या मतं निम्मं काम तिथंच असतंय. सॉफ्ट जॉ (कापून आकार देता येणारा मऊ जबडा) घेतला तर तो ज्या व्यासाचा जॉब धरायचाय त्याच व्यासाला बोअर करायचा (आतून गोल कापायचा), आणि बोअर करताना जॉमध्ये रिंग धरून चकवर दाब द्यायचा, जेवढा जॉब धरताना देणार तेवढाच. नुसते मोकळे जॉ बोअर केले तर दाब आल्यावर ते कलतात, आणि मग डायल गेज लावून बघा, जॉब नाचतोय.

दुसरं. पातळ रिंग. नव्या पोरांना हे कुणी सांगत नाही. तीन जॉनी जोरात आवळली की रिंग तीन ठिकाणी आत दबते. आत बोअर मारला, चकमध्ये अगदी गोल. जॉ सोडले की रिंग मोकळी होते आणि बोअर तीन कानाचा होतो. पोरगं मायक्रोमीटर लावतं, सगळीकडं सारखाच आकडा, म्हणतं ओके. कारण दोन टोकांनी मोजलं की तीन कान सापडतच नाहीत! एका बाजूला फुगवटा तर बरोबर समोर खळगा, बेरीज तीच. ती रिंग तीन टोकांच्या बोअर गेजनं फिरवून बघावी लागते. उपाय काय, तर दाब कमी करा, जॉ रुंद घ्या म्हणजे रिंगेला जास्तीत जास्त मिठी बसेल, आणि फिनिश कटच्या आधी दाब उतरवून परत हलका धरा.

साध्या लेथवर हाताला चकचावीचा जोर कळायचा. हायड्रॉलिक चकला जोर गेजवर वाचावा लागतोय, एवढाच फरक.

---

भोसरी_शॉप

काका, तीन कानांची रिंग वाचून अंगावर काटा आला. गेल्या वर्षी गिऱ्हाइकाकडून एक लॉट परत आला होता, "बेअरिंग बसत नाही" म्हणून. आम्ही इकडे मोजून मोजून दमलो, सगळे साइजमध्ये. आमच्या मोजण्यावर विश्वास ठेवून मी गिऱ्हाइकाशी भांडलो होतो. आता कळलं. उद्या सकाळी सगळ्या पोरांना उभं करून तुमची पोस्ट वाचून दाखवणार आहे. वर मी जे लिहिलं होतं, त्यातलं 'काय उपयोग' मागे घेतो.

---

गेज_रूम

मी क्वालिटीला आहे, चाकणला. मोजण्याचा विषय निघालाय म्हणून तापमानाबद्दल लिहिते, कारण उन्हाळ्यात रोज यावरून वाद होतात.

स्टील एका अंशाला एका मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश. २५ मिमीचा शाफ्ट मशीनमधून गेजपेक्षा २० अंश गरम बाहेर आला तर तो जवळपास ६ मायक्रॉन मोठा दिसतो. ड्रॉइंगवर २५ एच-६ आहे, म्हणजे २५.००० ते २४.९८७, एकूण १३ मायक्रॉनची मुभा. त्यातली निम्मी गरमपणानंच खाल्ली. ऑपरेटर ऑफसेटमध्ये ६ मायक्रॉन कमी करतो, जॉब गार होतो आणि आमच्याकडे लहान भरतो. मग तो म्हणतो गेज रूमवाल्या मुद्दाम काढतात! कुणी काही मुद्दाम करत नाही. जॉब आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर थोडा वेळ शेजारी ठेवा, मग मोजा.

मशीनलाही हेच लागू. रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी लगेच साइज धरत नाही. दहा-पंधरा मिनिटं स्पिंडल आणि अक्ष रिकामे फिरवा.

मृणाल, तुला एक वेगळं सांगायचंय. माझ्या पहिल्या नोकरीत मी मशीन मागितलं होतं, मला रजिस्टर दिलं. "मुलींना शॉप फ्लोअर झेपत नाही" हे कारण. चार वर्षं मी गेज हातात घेऊन दुसऱ्यांचे जॉब मोजले. मोजणं मला आवडतं, तरी त्या चार वर्षांचा राग गेलेला नाही. मुलाखतीतच विचार की मशीनवर किती दिवस उभं करणार. चक उचलायला क्रेन असते आणि दार लावायला एक हात पुरतो.

---

मृणाल_डिप्लोमा

ताई, मनापासून आभार. पुढच्या महिन्यात कॅम्पस आहे, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

चकचावी दादा, टिपवरचे आकडे कसे वाचायचे? सीएनएमजी १२०४०८ वगैरे.

---

चकचावी

'सी' म्हणजे ८० अंशांचा समभुज चौकोन, 'एन' म्हणजे बाजू सरळ, उतार नाही. पुढची दोन अक्षरं बनावटीचा बारकावा आणि भोक-चिपब्रेकर सांगतात. १२ ही धारेची लांबी, ०४ जाडी (प्रत्यक्षात ४.७६ मिमी), ०८ म्हणजे टोकाची त्रिज्या ०.८. उलटी-सुलटी मिळून चार कोपरे वापरता येतात. बारीक फिनिशला ३५ अंशांची व्हीएनएमजी घेतात, तिचं टोक अणकुचीदार म्हणून नाजूक. डबीवर 'पी', 'एम', 'के' लिहिलेलं असतं: स्टील, स्टेनलेस, बीड. बिडाची टिप स्टेनलेसला लावू नका.

---

शिरोलीचा_नवा

नमस्कार. धाग्यातला पोरगा मीच. सरांनी लिंक पाठवली. वडिलांना आख्खा धागा वाचून दाखवला, जी-कोडसकट. ते तीन माणसांच्या मशीनवर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे तू तो आकडे वाचणारा."

आज पहिल्यांदा ऑफसेट मी टाकला. २५ एच-६ चाच शाफ्ट होता. पहिला पीस गार करून मोजला, २५.०१४. मुभेचा मध्य २४.९९४ धरला, वेअर ऑफसेटमध्ये (झिजेसाठीच्या बारीक दुरुस्तीत) एक्स -०.०२० टाकलं. टाकण्याआधी चिन्ह दोनदा वाचलं. दुसरा पीस २४.९९५. पण पंचवीस पिसांनंतर २४.९९९ आला. मशीन तापलं की टिप झिजली, कसं ओळखायचं?

---

चकचावी

मशीन तापण्याचा फरक पहिल्या तासाभरात दिसतो आणि मग थांबतो. झिजेचा थांबत नाही, हळूहळू एकाच दिशेला सरकत राहतो, सोबत फिनिश बिघडते आणि बर (काठाला राहणारी धातूची कडा) वाढते. तू कुठल्या पिसाला किती आलं ते कागदावर मांडत जा, दर पाचव्या पिसाला एक ठिपका. रेघ कुठं चाललीय ते दिसेल. २४.९९९ म्हणजे काठावर आलास, आता -०.००५ दे. आणि टिप काढून भिंगाखाली धार बघ.

एक लक्षात ठेव. बाहेरच्या व्यासावर टिप झिजली की साइज वाढतो. उद्या तुला बोअरिंगवर उभं करणार आहे. तिथं टिप झिजल्यावर साइज कुठं जाईल आणि ऑफसेटचं चिन्ह काय येईल, ते रात्री विचार करून ये.

---

शिरोलीचा_नवा

बोअर लहान होत जाईल. चिन्ह अधिक.

---

जुना_टर्नर

बरोबर. आणि बोअरिंग बार जेवढा लागंल तेवढाच बाहेर काढ.